फोटो रंगवू नका, काढतानाच नीट काढा



आज जरा मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. काहींना राग येईल, त्यात माझे दोन-चार फोटोवाले मित्रही असतील. येऊ द्या.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्या भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला. घराच्या पडवीत बिबट्या ऐटीत बसलाय, शेजारी दुधाची किटली, खाली लिहिलेलं "निरगुडसर शिवार, सावध राहा". दहा मिनिटांत तो फोटो अजून चार ग्रुपवर फिरला. लाईट रात्रीची होती, कांद्याला पाणी द्यायला गेलेली पोरं मोटार तशीच चालू ठेवून घरी पळाली. एका घरातली म्हातारी माणसं रात्रभर जागी. सकाळी शांतपणे मोठा करून बघितला तर किटलीला कडीच नाही, आणि बिबट्याची सावली दिव्याच्याच दिशेला पडलेली. ती पडवी ना आपल्या गावातली, ना शेजारच्या. कुणीतरी एआयला चार शब्द सांगून चित्र बनवलं होतं.

पाठवणाऱ्याचं उत्तर काय? "अरे गंमत केली, लगेच काय एवढं!"

आता गंमत कुठे चाललीय ते बघा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पलीकडच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसं गेली. त्यात दोन लेकरं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, शेवटी पिंपरखेडला बिबट्याला गोळी घालावी लागली. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके या भीतीत जगतायत. पोरं एकटी शाळेत जात नाहीत, उसाच्या कडेने संध्याकाळी कुणी पायी निघत नाही. अशा ठिकाणी खोटा फोटो टाकणं ही गंमत नाही. वन विभागाची गाडी त्या खोट्या पडवीकडे पळते तेव्हा ती दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या वस्तीवर नसते.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. त्या रात्रीनंतर आठ-पंधरा दिवसांनी एकाने खरा फोटो टाकला. गोठ्यामागे उमटलेलं पाऊल. त्याच्या खाली पहिली कमेंट काय आली? "एआय आहे रे." लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो, आणि स्वतः तीच करून दाखवतो.

तुम्ही म्हणाल, एआय वेगळं आणि साधं एडिटिंग वेगळं. वेगळं आहेच, मान्य. पण माझं म्हणणं असं की ही सवय एका दिवसात लागलेली नाही. आधी आपण आभाळ निळं केलं. मग शेत हिरवंगार केलं, इतकं हिरवं की तसा ऊस आपल्या आज्या-पणज्यानेही बघितला नसेल. मग माणसाचं तोंड गोरं केलं. मग पोस्टरवर बैलाच्या मागे आग लावली. प्रत्येक वेळी "चालतंय की" म्हणालो. फोटो म्हणजे जे होतं ते, हा भरवसा आपणच थोडा थोडा विकून खाल्ला. एआयवाल्याने फक्त शेवटचा घास घेतला.

म्हणून माझं आजचं भांडण एवढंच आहे: फोटो नंतर नीट करायचा नसतो, काढतानाच नीट काढायचा असतो. आणि गावाच्या कामाचा फोटो असेल तर त्याला नंतर हातच लावायचा नाही.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही. माझीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी अवकाळीने कांदा झोडपला. मी मोबाईलवर फोटो काढले, आणि फेसबुकवर टाकायचे म्हणून ढग काळे केले, पाणी चमकवलं, रंग गडद केले. भरपूर लाईक आले. जागा भरली म्हणून मूळ फोटो उडवून टाकले. पंचनाम्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, "पहिल्या दिवशीचा फोटो आहे का?" मी तोच दाखवला. त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा शेताकडे, आणि म्हणाले, "हा तर वेगळाच दिसतोय हो." त्यांचं काही चुकलं नाही, चूक माझी होती. शेजारच्या दादांचे फोटो अगदी साधे, मळकट आभाळ, मळकट पाणी. पण बांधावरची बाभळ, विहिरीचं कठडं आणि आडवा झालेला कांदा एकाच फोटोत. त्यांचं काम दोन मिनिटांत झालं. मी लाईक मोजत बसलो.

त्या दिवसापासून मी एडिटिंगचं ॲप काढून टाकलंय.

लग्नसराईत मित्राच्या स्टुडिओला मदत म्हणून कॅमेरा धरतो, त्याला आता बारा वर्षं झाली. त्यामुळे थोडंफार कळतं ते सांगतो. फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा चार कारणांनी, आणि चारही कारणं बटण दाबायच्या आधीची आहेत.

पहिलं, काच. दूध काढून, खत टाकून आलेल्या हाताने आपण मोबाईल उचलतो. कॅमेऱ्याच्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा. मग फोटो धुरकट येतो, दिव्याला शेपट्या फुटतात, आणि आपण ॲपमध्ये जाऊन तो "क्लिअर" करत बसतो. अरे, सदऱ्याच्या मऊ टोकाने काच पुसा. निम्मं एडिटिंग तिथेच संपलं.

दुसरं, ऊन. दुपारी बाराला भर उन्हात आजोबांना उभं करायचं. वरून ऊन, डोक्यावर पांढरी टोपी. टोपी जळून पांढरीफटक, टोपीखालचं तोंड काळं. मग ॲपमध्ये तोंड उजळ करायचं, ते केलं की कातडी राखेसारखी दिसते. एकदा जळालेला पांढरा भाग कुठल्याही ॲपने परत येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते. त्यापेक्षा आजोबांना ओट्यावर नाहीतर लिंबाच्या सावलीत आणा, तोंड उजेडाकडे करा. सुरकुत्या, डोळे, कपाळावरचा बुक्का, सगळं जसंच्या तसं येतं. उन्हातच काढायचा असेल तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचच्या पुढे काढा.

तिसरं, लांबून झूम. मोबाईलवर दोन बोटांनी ओढून जवळ केलेला फोटो हा बहुतेक वेळा जवळचा फोटो नसतो, तो कापून फुगवलेला फोटो असतो. दहा पावलं पुढे जा. पाय दिलेत देवाने. (बिबट्याच्या बाबतीत हा सल्ला लागू नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहितो.)

चौथं, उजेडाची मात्रा. स्क्रीनवर जिथे महत्त्वाचं आहे तिथे बोट टेकवा. बाजूला छोटा सूर्य दिसतो, तो थोडा खाली ओढा. पांढरा बैल, पांढरी टोपी, पांढरा कांदा, पत्र्यावरची चमक असलं काही असेल तर फोटो किंचित गडदच काढा. दोन सेकंदांचं काम आहे. तेच काम नंतर करायला गेलात तर वीस मिनिटं जातात आणि होत नाही ते नाहीच.

याशिवाय सेटिंगमध्ये जाऊन ब्युटी, फिल्टर आणि एआय सीन नावाची जी भुतं असतील ती बंद करा. तारीख-वेळ बरोबर ठेवा. लोकेशन चालू ठेवा, निदान शेताचे फोटो काढताना. संपलं. याला ना महागडा मोबाईल लागतो ना क्लास.

आता बिबट्या. पहिली गोष्ट, बिबट्याचा फोटो काढायला जाऊ नका. ऊसतोडीत बछडी सापडली तर त्यांच्यासोबत सेल्फी काढू नका, हातात घेऊ नका. आई जवळपास असते आणि ती परत येते. आपल्या भागात वन विभाग आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राची माणसं बछडी त्याच जागी ठेवून आईची वाट बघतात, त्यांना ते काम करू द्या. बाजूला व्हा आणि १९२६ ला फोन लावा.

फोटो काढायचाय तर पावलाचा काढा. तो खरा कामाचा. मोबाईल बरोबर वरून, जमिनीला समांतर धरा. पावलाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे बघणाऱ्याला माप मिळतं. आणि उजेड तिरका हवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात ठशाच्या कडेला सावली पडते, म्हणून खोली दिसते. भर दुपारी तोच ठसा सपाट डाग दिसतो. रात्र असेल तर फ्लॅश मारू नका, दुसऱ्या कुणाला तरी बॅटरी जमिनीलगत बाजूने धरायला सांगा. मग नखं बघा. कुत्र्याच्या आणि तरसाच्या पावलाला नखांच्या खुणा दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशाला बहुधा दिसत नाहीत. आता सांगा, हा फोटो तुम्ही ॲपमध्ये टाकून शार्प केला, काळा-पांढरा गडद केला, आणि मातीचा एखादा चिरा नखासारखा दिसायला लागला, तर काय होईल? बिबट्याचं कुत्रं होईल. पिंजरा लागणार नाही. हे रंगकाम नाही बाबांनो, इथे जिवाचा प्रश्न आहे.

पंचनाम्याचं तसंच. शासनाच्या मदतीच्या निकषात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान हा आकडा आहे. आपण काय करतो? एक सडका कांदा हातात धरतो आणि त्याचा जवळून फोटो काढतो. एका कांद्याने ३३ टक्के कसे ठरणार? तीन फोटो काढा. एक लांबून, ज्यात अख्खं वावर आणि ओळखीची खूण दिसेल: विहीर, डीपी, घर, डोंगर. एक मधून, ज्यात सरी-वाफ्याच्या ओळी दिसतील, किती आडवं आणि किती उभं ते मोजता येईल. आणि एक जवळून. तिन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने. मग त्या फोटोला एडिटिंगची गरज नाही, आणि कुणी "हा खरा कशावरून" असं म्हणायची सोयही नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून पिकाचा फोटो आपण स्वतःच काढून सरकारला देतोय. बराखीतल्या कांद्यापासून बांधावरच्या आंब्यापर्यंत पुढे हे वाढतच जाणार आहे. फोटो नीट काढता येणं हे आता शेतकऱ्याचंही काम झालंय, नुसती हौस राहिली नाही.

आणि मूळ फोटो जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि आतली वेळ-जागेची माहिती गळून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा लागू झालाय, भारतीय साक्ष्य अधिनियम. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठाच समजा, तो लिहावा लागतो. फोटोत केसभर बदल केला तरी अंगठा बदलतो. बांधाचा वाद असो, अपघात असो, रस्त्याचं काम असो. रंगवलेला फोटो घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

फोटोवर तारीख आणि नकाशाचा शिक्का मारणारी ॲप आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. असल्या कितीतरी ॲपमध्ये जागा हाताने बदलता येते. शिक्का म्हणजे पुरावा नव्हे, मूळ फाइल म्हणजे पुरावा.

फोटो पुरावा कसा होतो याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण सगळ्यांनी बघितलंय, फक्त त्या नजरेने बघितलेलं नाही. २६ नोव्हेंबर २००८, मुंबईचं सीएसटी स्टेशन. पाठीवर सॅक आणि हातात बंदूक घेतलेल्या कसाबचा तो फोटो. काढला मुंबई मिररच्या सेबॅस्टियन डिसोझांनी. उजेड कमी, फ्लॅश मारायची सोय नाही, समोरून गोळ्या चाललेल्या. त्या रात्री त्यांनी पुष्कळ फोटो काढले, त्यातले बरेचसे नीट आलेही नाहीत. पण जे आले ते जसे होते तसे होते. खटल्यात त्यांनी साक्ष दिली, आणि २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या आणि श्रीराम वेर्णेकरांच्या फोटोंची दखल घेतली. आता विचार करा, त्यातला एखादा फोटो त्यांनी "जरा भारी दिसावा" म्हणून मागे धूर घालून छापला असता तर? बचावाच्या वकिलाला दुसरं काय हवं होतं?

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती फक्त गावाकडच्या पोरांची नाहीत. नॅशनल जिओग्राफिक एवढं मोठं मासिक, त्यांनी फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड जवळ सरकवले. चाळीस वर्षं होऊन गेली, लोक अजून काढतात. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचा विमानाच्या खिडकीतला फोटो सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने टाकला, त्यात खिडकीबाहेरचं दृश्य वेगळं चिकटवलेलं निघालं. फोटो काढून टाकावा लागला, खुलासा द्यावा लागला. पाहणी खरी होती, पूर खरा होता. पण चर्चा कशाची झाली? चिकटवलेल्या फोटोची. २०१५ सालीच वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के बाद झाले, कारण मूळ फाइल मागितल्यावर फेरफार दिसले. हे जगातले नावाजलेले फोटोवाले! ज्यांना काढता येतं तेसुद्धा मोहात पडतात, म्हणून तर नियम लागतात.

सरकारी योजनांचं बघा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवर फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. हेतू चांगला. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो अपलोड होतायत, फोटोचाच फोटो काढून अपलोड होतोय. भोगतो कोण? जो खरंच कुदळ मारतो तो. खोट्यावर उपाय म्हणून आता त्याच्याच फोटोची चार वेळा तपासणी होणार आणि त्याचीच मजुरी अडकणार. खोट्या फोटोचा दंड नेहमी खऱ्या माणसाला बसतो. बिबट्याच्या फोटोतही तेच, हजेरीच्या फोटोतही तेच.

आता माझ्या फोटोवाल्या मित्रांचे आक्षेप. प्रामाणिकपणे घेतो.

एक म्हणतो, "दादा, एडिटिंग आजचं नाही. रोलच्या काळात डार्करूममध्ये पण व्हायचंच. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे, फोटोला हाताने रंग द्यायचे." अगदी बरोबर. आमच्या घरी आजीचा तसा रंगवलेला फोटो भिंतीवर आहे, लुगडं हिरवं केलेलं. पण तो रंगवलेला आहे हे घरातल्या पोरालाही कळायचं. त्याने कुणाचा पंचनामा अडला नाही. भिंतीवरच्या हौसेला माझा विरोध नाही. लग्नाच्या अल्बममध्ये काय करायचं ते करा. फक्त हौसेचा फोटो आणि कामाचा फोटो एकाच दावणीला बांधू नका.

दुसरा म्हणतो, "मोबाईल स्वतःच एडिट करतो, मग बिनाएडिटिंगचा फोटो असतो कुठे?" हा प्रश्न खरंच तगडा आहे. मोबाईल एका फोटोसाठी अनेक फोटो काढून जोडतो, रंग स्वतः ठरवतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनबद्दल मोठा गाजावाजा झाला होता. एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र स्क्रीनवर ठेवून त्याचा फोटो काढला, तर फोनने त्यात नसलेले खड्डे भरून दाखवले. म्हणजे यंत्रही थापा मारतं. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? मोबाईल आधीच थोडं खोटं बोलतो, म्हणून आपण उरलेलं बोलून टाकावं? की तो कमीत कमी बोलेल अशी सोय करावी? सेटिंग बंद करा, जवळ जा, उजेडात काढा. उजेड जितका चांगला तितकी मोबाईलला स्वतःच्या मनाने भर घालायची गरज कमी.

तिसरा म्हणतो, "थोडा उजळ केला, कडेचं कापलं, फोटो सरळ केला, एवढंही नको का?" हौसेच्या फोटोत करा की. बातमीच्या फोटोतही अख्ख्या फोटोचा उजेड किंचित वर-खाली केला तर कुणी फाशी देत नाही. रेघ कुठे मारायची ते सांगतो. जे होतं ते काढायचं नाही आणि जे नव्हतं ते घालायचं नाही. कडेचं कापतानाही विचार करा. रस्त्यावरचा खड्डा कापून नवा डांबरी पट्टा तेवढा दाखवला, तर एकही रंग न बदलता खोटं बोललात. आणि जे काही केलं असेल, मूळ फाइल जवळ पाहिजे. कुणी मागितली तर छातीठोकपणे दाखवता आली पाहिजे.

चौथा माझा खास मित्र आहे, तो बैलगाड्यांचे फोटो काढतो. तो म्हणतो, "मालकच मागतात रे. धूळ वाढव, बैल मोठा कर, मागे वाघ टाक." मला माहितीये. शर्यती २०१४ ला बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. एवढी वर्षं वाट बघून घाट पुन्हा भरलेत, मालकाची हौस मी समजू शकतो. पण भाऊ, सात-आठ वर्षं आपण काय ओरडत होतो? आमचं बैलावर प्रेम आहे, आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळतो. मग त्या प्रेमाचा पुरावा काय, मागे आग लावलेला पोस्टर? खरा बैल दाखव ना. ऊन पाठीमागे घेऊन घाटाच्या कडेला उभा राहा, मोबाईल आडवा धर, बारी सुटायच्या आधी जागेवर फोकस धरून ठेव आणि सलग फोटो घे. दहातला एक असा येतो की चारही पाय हवेत, पुढे घोडी, आणि खुरांखालची धूळ खरी. त्या फोटोत एक कण वाढवायची गरज नसते. असा फोटो मालकाच्या घरी वीस वर्षं टिकेल. आगीचा पोस्टर पुढच्या जत्रेला गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो.

आणि एक गोष्ट मनापासून. आपली तोंडं गोरी करणं बंद करा. उन्हात राबून रापलेली माणसं आपण. शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो येतात, त्यात पोरींचे चेहरे पिठासारखे पांढरे आणि हात मूळ रंगाचे. ती पोर फोटो बघून काय शिकते? माझा रंग चुकलाय, तो दुरुस्त करावा लागतो. कुणी तिला तोंडाने हे म्हणालं तर आपण भांडायला जाऊ. ॲप म्हणतं तेव्हा आपण "नाईस पिक" लिहितो. सावळ्या चेहऱ्याला नीट उजेड दिला तर तो किती देखणा दिसतो हे बघायचं असेल तर संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून कुणालाही उभं करा आणि एक फोटो काढा. फिल्टर न लावता.

आता मागणं. नुसतं बोंबलून काय उपयोग.

ग्रुप ॲडमिनना विनंती: बिबट्याचा फोटो टाकणाऱ्याने जागा, वेळ आणि स्वतः काढला की आलेला आहे हे लिहिल्याशिवाय फोटो ठेवू नका. आलेला असेल तर पुढे ढकलू नका, वन विभागाला विचारा. एवढा एक नियम जरी पाळला तरी निम्म्या अफवा बंद होतील.

ग्रामपंचायती, कुठल्याही गावच्या असोत: कामाचा आधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढा, मूळ फाइल जपून ठेवा, आणि ग्रामसभेत दाखवा. नेत्यांच्या चेहऱ्याचा कोलाज नको, रस्ता दाखवा.

गणेश मंडळं, यात्रा कमिट्या, तरुण मंडळं: फोटो स्पर्धा घेता ना, एक बक्षीस "जसा काढला तसा" फोटोला ठेवा. मूळ फाइल आणून दाखवायची अट घाला. पहिलं बक्षीस माझ्या खिशातून देतो.

आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंना: पोरांना एक तास द्या. काच पुसायची कशी, उजेड बघायचा कसा, खोटा फोटो ओळखायचा कसा. पोरांच्या हातात मोबाईल आधीच आहे, नजर द्यायची राहिलीय. बोलावलंत तर मी येतो, फुकट.

मला कुणाचा धंदा बुडवायचा नाही. पण उद्या खरंच एखाद्या वस्तीवर बिबट्या बसलेला असेल, एखाद्या आईने थरथरत्या हाताने पावलाचा फोटो काढून टाकलेला असेल, तर आपल्या ग्रुपवरची पहिली कमेंट "एआय आहे रे" अशी नसावी. "कुठे आहे ताई, निघालो" अशी असावी. ते आपल्या आजच्या सवयीवर ठरणार आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, उत्तर देतो. आणि कमेंटमध्ये आज काढलेला एक फोटो टाका. शेताचा, घराचा, म्हातारीचा, कशाचाही. अट एकच, जसा काढला तसा.

राम कृष्ण हरी.